सासऱ्याचं ऐकू नकोस

शिनशू, १२ मे १९५२

मासु,

तुतीला पानं आली आणि या घरात माणसांपेक्षा रेशमाच्या किड्यांची बडदास्त वाढली. कोरडी, चांगली खोली त्यांना, आणि मी नि नोबू स्वयंपाकघरामागच्या अडगळीत. भाचेसून येता-जाता म्हणते, "आत्याबाई, जरा पाय जपून, टोपल्या आहेत." सात वर्षं मी पाय जपूनच चालते आहे. भावाच्या घरी राहणं वेगळं आणि भाऊ गेल्यावर त्याच्या सुनेच्या घरी राहणं वेगळं, हे तुला सांगायला नको.

पत्राचं कारण नोबू. मार्चमध्ये तिची शाळा संपली. सूतगिरणीसाठी पोरी गोळा करणारा माणूस गावात आला होता. भाचेसुनेने त्याला चहा दिला, मी त्याला दाराबाहेर काढला. लेक कियो गेली, जावई दक्षिणेकडच्या कुठल्याशा बेटावर लढाईत गेला, ही एवढी एक पोर माझ्या पदरात राहिली. तीही गिरणीला देऊ? पण ती हट्टाला पेटली आहे. म्हणते, "आजी, मला असाकुसा बघायचंय. माझं घर बघायचंय." आता कुठलं घर! बॉम्बच्या भीतीने आठ वर्षांची असताना माझ्याबरोबर इकडे आली, तिला तुझ्या दुकानातल्या भाजलेल्या सेनबेईच्या, त्या तांदळाच्या पापड्यांच्या, वासापलीकडे काही आठवत नाही.

शेवटी मी हो म्हटलं. दहा जुलैला कान्नॉनदेवीच्या देवळात एकदा गेलं की सेहेचाळीस हजार दिवस गेल्याचं पुण्य लागतं. मला एकोणसाठावं चालू आहे, पुन्हा येणं होईल न होईल, म्हणून तोच दिवस धरला. नऊला येऊ, तुझ्याकडे दोन दिवस टेकू, अकराच्या गाडीने परत.

एक अट आहे. त्या म्हाताऱ्याचं दार तुझ्यापासून तिसरं. तोकुझो माझा व्याही आहे, नोबूचा सख्खा आजोबा आहे, हे सगळं मान्य. पण त्याने माझ्या कियोचं जे केलं त्यानंतर मला त्याचं तोंड बघायचं नाही आणि नोबूलाही दाखवायचं नाही. दर नव्या वर्षाला त्याचं कार्ड येतं, ते मी न वाचता बाजूला ठेवते. आम्ही येणार आहोत हे त्याच्या कानावर जाता कामा नये. तेवढं सांभाळ.

शिगे

•

असाकुसा, तोक्यो, २५ मे

शिगेताई,

या, या! माझं घर म्हणजे दीड खोली, त्यातही अर्धी तांदळाच्या पिठाने भरलेली. पण तुम्ही दोघी कुठेही मावाल. आमचे हे माळ्यावर झोपतील, नाहीतरी ते घोरतात. तुम्हाला असाकुसा ओळखू येणार नाही. मोठं देऊळ अजून उभं राहिलेलं नाही, तात्पुरत्या मंडपातच दर्शन. पण आवारात दुकानं आहेत, मागच्या बाजूला सिनेमे आहेत, आणि सिनेमाच्या शेजारी जे काही चालतं ते मी नोबूला दाखवणार नाही, तुम्हालाही नाही. जळालेलं गिंकोचं झाड मात्र परत फुटलंय. अर्धं अंग काळं, अर्धं हिरवं.

ताई, तुम्ही रागवाल हे माहीत असून लिहिते. तोकुझोकाका आजारी आहेत. पोटात गाठ आहे. डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं, पानगळ बघतील असं वाटत नाही. त्यांना कोणी सांगितलं नाही, पण त्यांना कळलंय. तरी रोज सकाळी फण्या करायला बसतात. करवत घसरते. परवा एका फणीचे चार दात एकदम गेले. मी म्हटलं, अरेरे. तर म्हणतात, "फेकू नकोस, टकल्या गिऱ्हाइकासाठी ठेव." असा माणूस.

दर वर्षी कार्ड लिहायला बसले की मला विचारतात, "मासु, पोरगी केवढी झाली असेल गं?" आणि हाताने जमिनीपासून उंची मोजतात. त्यांचा हात अजून आठ वर्षांच्या पोरीएवढ्याच उंचीवर थांबतो.

पाया पडते ताई. आत नका जाऊ, बोलू नका, नुसतं त्यांच्या दारावरून चालत जा. पोरगी लांबून दिसेल एवढं तरी करा.

मासु

•

शिनशू, ६ जून

मासु,

तुझं पत्र वाचून दोन दिवस अंथरूण धरलं. भाचेसुनेला वाटलं मी आजारी पडले, आणि तिला बरंच वाटलं.

तू विसरलीस का? पंचेचाळीसच्या एप्रिलमध्ये तूच मला लिहिलंस. मी तुला विचारलं होतं, मार्चमध्ये विमानांनी आग टाकली त्या रात्री कियो कान्नॉनच्या देवळात गेली होती का? तू लिहिलंस, नाही ताई. सासरे तिला हात धरून पुलाकडे घेऊन गेले. पुलावर दोन्ही बाजूंनी माणसं आली, कोणाला पुढे जाता येईना, मागे येता येईना, आणि आग पुलावरून गेली. तिची ओळख नदीच्या काठावर पटली. हा मजकूर तुझ्या हातचा आहे. मी सात वर्षं तो डोक्यात घेऊन झोपते.

तो म्हातारा वाचला. सून मेली आणि तो वाचला. आणि मी त्याच्या दारावरून माझी नात मिरवत नेऊ?

देवावर त्याचा विश्वास कधीच नव्हता. भूकंपाच्या वेळी चहूबाजूंनी आग आली, मी आठ वर्षांच्या कियोला पोटाशी धरून तीन दिवस देवळाच्या आवारात बसले होते. हजारो माणसं होती. आसपासचं सगळं जळलं, देवळाला आच लागली नाही. आम्ही सगळे म्हणत होतो, कान्नॉनने राखलं. आणि हा काय म्हणायचा? "कान्नॉनने नाही, तळ्यातल्या पाण्याने राखलं. बादल्यांच्या रांगेत मी होतो, ती नव्हती." कियोच्या लग्नातसुद्धा हेच ऐकवलं त्याने. त्या दिवशीच मला कळायला हवं होतं.

नोबूला मी सगळं सांगितलेलं आहे. तुझ्या आईला तुझ्या आजोबाने पुलाकडे नेलं, एवढं तिला ठाऊक आहे. दर मार्चला आम्ही दोघी ओढ्यावर जातो आणि पाण्यात फुलं सोडतो, कारण पाण्याजवळ गेली ती. नोबूच फुलं तोडून आणते. आणि आता त्याच माणसाच्या दारावरून तिला फिरवू?

पुन्हा हा विषय काढलास तर आम्ही येणार नाही.

शिगे

•

असाकुसा, १५ जून

शिगेताई,

हे पत्र नोबूच्या हाती पडू देऊ नका. एकटीने वाचा, दार लावून.

मी तुम्हाला खोटं लिहिलं होतं.

आता हात थांबवला तर पुढे लिहिणं होणार नाही, म्हणून एका दमात लिहिते. कियो पुलाकडे गेली नव्हती. तोकुझोकाकांनी तिला कुठे नेलं नव्हतं. सायरन झाला आणि थोड्याच वेळात आमच्या गल्लीच्या तोंडाला आग लागली. वारा असा होता की कौलं उडत होती. काका आग विझवणाऱ्या तुकडीत होते, हातात बादली. त्यांनी बादली खाली टाकली आणि ओरडले, "याला बादली पुरायची नाही! वारा बघा! उएनोच्या टेकडीकडे पळा, मासुबरोबर जा पोरी!" मी कियोचा हात धरला. आमचे हे पुढे, आम्ही दोघी मागे. कोपऱ्यापर्यंत ती माझ्याबरोबर आली. तिथे थांबली. म्हणाली, "मावशी, मी देवळात जाते." मी म्हटलं, वेडी झालीस का, मामंजी काय म्हणाले ऐकलंस ना? ती म्हणाली, "आईने लिहिलंय. काही झालं तरी कान्नॉनकडेच जा, सासऱ्याचं ऐकू नकोस, असं लिहिलंय. भूकंपात आम्ही तिथेच वाचलो मावशी. मला आठवतंय."

काका मागून येऊन ओरडत होते. "तेव्हा वारा असा नव्हता! तेव्हा वरून आग पडत नव्हती!" तिने वाकून त्यांना नमस्कार केला. ताई, त्या आगीत तिने कमरेत वाकून नमस्कार केला, जशी रोज सकाळी करायची. आणि हात सोडवून घेऊन गेली. मी तिचा हात सोडला. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, काकांनाही नाही. मी जोर लावला असता तर सुटला नसता. मला पळायचं होतं.

सकाळी काका तिला शोधायला गेले. देवळाचं काय झालं होतं ते तुम्हाला माहीत आहे. छप्पर खाली आलं होतं. त्यांना ती पायऱ्यांच्या पश्चिमेला सापडली, पालथी. अंगाखालचं कापड तेवढं जळलं नव्हतं, त्यावरून ओळखली. एका दारावर ठेवून त्यांनी तिला ओढत नेलं, जिथे सगळ्यांना पुरत होते तिथे. नदीकाठ वगैरे काही नाही.

मग तुमचं पत्र आलं. देवळात गेली होती का, एवढंच विचारलेलं. मी ते काकांना वाचून दाखवलं. त्यांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "मी नेलं म्हणून लिही. पुलाकडे नेलं म्हण, तिथे इतकी माणसं मेलीत की कोणी विचारणार नाही. मी हट्टी आहे हे त्या बाईला आधीच ठाऊक आहे, तिला लगेच पटेल." मी म्हटलं, काका, ती तुमचं नाव घेणार नाही पुन्हा. म्हणाले, "नाही घेतलं तर नाही. तिला पोर वाढवायची आहे. हे कळलं तर ती विहीर जवळ करेल, मग नोबूचं कोण? माझ्याकडे छप्पर नाही, तांदूळ नाही."

असं झालं. सात वर्षं ते तुमच्या शिव्या खात बसलेत, आणि मी त्यांच्यापासून तिसऱ्या दारात सेनबेई भाजते. आता ते चाललेत. त्यांना असं जाऊ दिलं तर मी माणूस नव्हे.

तुमचा दोष नाही ताई. सगळे तिथेच पळाले होते. भूकंपात वाचलेलं देऊळ ते, कोणाला वाटणार होतं? म्हणतात, कान्नॉनच्या मूर्तीला आधीच जमिनीखाली ठेवलं होतं, म्हणून ती वाचली. काका एकदाच म्हणाले त्यावर, "बरोबर आहे. तिलाही माहीत होतं की वर राहण्यात अर्थ नाही."

मला शिव्या द्या. पण दोन ओळी लिहा. काळजी लागली आहे.

मासु

•

शिनशू, १ जुलै

मासु,

विहीर जवळ केली नाही. तुझ्या दोन तारा मिळाल्या, पोस्टमन दोनदा एवढा डोंगर चढून आला, भाचेसूनही घाबरली. मी ठीक आहे.

तू मला जे सांगितलंस ते मला ठाऊक होतं.

सात वर्षं ठाऊक होतं. तुझ्या खोट्या पत्राच्या आधीपासून. कियोचं एक पत्र आलं होतं. आठ मार्चला टाकलेलं, मला एकोणीसला मिळालं. तोवर तोक्यो जळालं हे रेडिओवर येऊन गेलं होतं. तिने लिहिलं होतं, आई, तू सांगितलंस तसंच करीन, काही झालं तर थेट कान्नॉनकडे जाईन, मामंजी हसतात पण मी त्यांना हसू देते. पुढे दोन ओळी नोबूसाठी होत्या.

ते मी तीनदा वाचलं आणि चुलीत घातलं. नोबू अंगणात दोरीच्या उड्या मारत होती, तिचं मोजणं ऐकू येत होतं. मला एवढंच सुचलं की ही मोठी होईल, हे वाचेल, आणि तिला कळेल की आजीच्या अक्षराने आपली आई मेली.

त्यानंतर मी तुला विचारलं, देवळात गेली होती का. उत्तर माहीत असून विचारलं. तू 'नाही' लिहावंस म्हणून विचारलं, मासु. आणि तू लिहिलंस. त्या म्हाताऱ्याचं नाव वाचल्यावर मला काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. मी त्याच रात्री जेवले. त्याच्यावर राग धरायला मला इतकं सोपं गेलं की काही दिवसांनी मला खराच राग येऊ लागला. तुला मागच्या महिन्यात जे लिहिलं ते नाटक नव्हतं. खोट्याचा राग खरा होतो, हे मी या वयात शिकले.

पण त्याने आपणहून नाव दिलं, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं तू रचलंस. मी समजत होते की त्याला पत्ताच नाही, लांबून कोणी आपल्याला शिव्या देतंय हेही त्याला माहीत नसेल. त्याला सगळं माहीत होतं आणि तरी तो दर वर्षी कार्ड पाठवत होता. काल मी ती सातही कार्डं काढून वाचली. प्रत्येकावर एकच वाक्य आहे. 'नोबूला सांभाळता, उपकार आहेत.'

आम्ही नऊला येतोय. मला त्याच्या पाया पडायचं आहे. नोबूला काय सांगायचं ते ठरलेलं नाही. पोरगी गेली तर माझ्याकडे काही उरत नाही, हे तुला कळतं ना? सात वर्षं मी जे केलं ते त्या एका भीतीने केलं. तू त्याला काही बोलू नकोस, मलाच बोलू दे.

शिगे

•

असाकुसा, १४ जुलै

शिगेताई,

हे काय केलंत? दहाला दुपारी मी तुम्हा दोघींना काकांच्या दारात सोडलं आणि बर्फ आणायला गेले. परत आले तर तुम्ही नाही. गाठोडंही नाही. स्टेशनवर धावले, गाडी गेलेली. नोबू काकांच्या उशाशी बसलेली, मांडीवर हात, भिंतीकडे बघत. मी म्हटलं, आजी कुठे? तिने काकांची उशी सारखी केली. काकांना विचारलं तर म्हणाले, "आज उकडतंय नाही?"

चार दिवस झाले, ती तिथेच आहे. काकांना पेज करून देते, अंग पुसते, त्यांचे कपडे धुते. रात्री माझ्याकडे झोपायला ये म्हटलं तर नको अशी मान हलवते. देवळाच्या बाजारातून आणलेली, लाल कंदिलांसारखी फळं लागलेल्या रोपाची कुंडी दारात ठेवली आहे, तिला पाणी घालते. एवढंच.

त्या खोलीत काय झालं ते मला सांगा. माझा जीव थाऱ्यावर नाही.

मासु

•

शिनशू, २२ जुलै

मासु,

तुला न सांगता निघाले, माफ कर. तुला बघितलं असतं तर निघता आलं नसतं.

सकाळी देवळात गेलो ते तू पाहिलंस. नोबू किती हसत होती! त्या कुंड्यांच्या गर्दीत कोणती घेऊ, कोणती घेऊ करत होती. मग धूप जळत असतो तिथे ओढत घेऊन गेली, दोन्ही हातांनी धूर माझ्या छातीवर लोटायला लागली. "आजी, तुला चढताना धाप लागते ना, इथे लाव, बरं होतं." आजूबाजूला सगळी माणसं आपापल्या दुखऱ्या जागी धूर लावत होती. त्या धुरात मला उभं राहवेना. मी तिचा हात धरून बाजूला झाले. तिला वाटलं मला भोवळ आली. तिने मला बाकावर बसवलं आणि जिथे जळालेल्या देवळाच्या पायऱ्या होत्या तिकडे तोंड करून बसली. कियो कुठे पडली होती ते तू लिहिलं होतंस. पोरगी त्याच जागेकडे बघत सेनबेई खात होती.

मग तोकुझो. मासु, तो केवढासा झालाय! मी दारातच जमिनीला डोकं टेकलं. तो म्हणाला, "विहीणबाई, उठा, भुशात डोकं जाईल, लाकूड कापलंय." नोबूला जवळ बोलावलं, हाताने तिची उंची मोजली, आणि हसला. मी अजून तोंड उघडलं नव्हतं. नोबूनेच विचारलं. शांतपणे विचारलं, "आजोबा, तुम्ही आईला पुलाकडे का नेलंत?"

तो म्हणाला, "वाऱ्याचा अंदाज चुकला. हट्टी म्हातारा मी. माझीच चूक." आणि माझ्याकडे बघून मान हलवली. नाही म्हणून हलवली. सांगू नका, असं.

मी गप्प बसू शकले असते. त्याने मला ते दिलंच होतं, घ्यायचं तेवढं बाकी होतं. नोबूने त्याला क्षमा केली असती, मी तिला घेऊन अकराला परतले असते, तो पानगळीत गेला असता, आणि विषय संपला असता. हे सगळं माझ्या डोक्यात आलं, खोटं का बोलू. पण तो नोबूकडे बघत होता आणि नोबू त्याच्यापासून थोडी मागे सरकली होती. एक वीतभर. मरणाऱ्या माणसापासून त्याची नात मागे सरकली, ती माझ्यामुळे.

मी सांगितलं. मी काय लिहिलं होतं ते, कियो कुठे गेली ते, चुलीतलं पत्र, सगळं. तोकुझो मध्येच म्हणाला, "झालं, झालं, पुरे." पण मी थांबले नाही.

नोबू रडली नाही. तुझ्या पत्रामुळे आई मेली, असं म्हणाली नाही. ते तिने विचारलंसुद्धा नाही. तिने विचारलं, "पत्रात माझ्यासाठी काय होतं?"

मी सांगितलं. 'नोबूचा खालचा दात पडला ना? तो छपरावर फेकायचा असतो, नवा सरळ येतो. मी आले की बघीन.' एवढंच होतं.

म्हणाली, "परत सांग." मी परत सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगायला लावलं. मग म्हणाली, "आईचं अक्षर कसं होतं?" मी सांगायला गेले आणि मला सांगता येईना. अक्षर कसं सांगणार? बारीक होतं, उभं होतं, असं काहीतरी बोलले. ती म्हणाली, "माझ्याकडे तिचं काही नाही. एक कागदसुद्धा नाही. तू तो जाळलास आणि मला ओढ्यावर फुलं सोडायला लावलीस." मग म्हणाली, "आजी, तू परत जा. मी इथे राहते." आवाज चढवला नाही. आणि तोकुझोच्या जवळ सरकून बसली.

मी उठले आणि निघाले. तिथे थांबून रडण्याचा मला काय हक्क होता?

इकडे किडे कोषात गेलेत, घर एकदम शांत झालंय. भाचेसून विचारते, नोबू कधी येणार. मी म्हणते, आजोबांची सेवा करतेय.

शिगे

•

असाकुसा, १० ऑक्टोबर

शिगेताई,

काका तीन तारखेला सकाळी गेले. त्रास झाला, लपवत नाही, शेवटचे आठ दिवस फार झाला. पण नोबूचा हात त्यांच्या हातात होता. आदल्या दिवशी डोळे उघडून म्हणाले, "मासु, ही मला ओरडते गं, औषध घे म्हणून. अगदी कियोसारखी ओरडते." खूश होते.

त्यांना कियोला पुरलं होतं तिथे ठेवायची इच्छा होती, पण तिथली सगळी हाडं आता एकत्र करून नेलीत, कोणाची कुठली ते कळत नाही. देवळाच्या एका भटजींनी दोघांची नावं स्मरणाच्या एका लाकडी पाटीवर लिहून दिली. नोबूने ती पाटी घेतली.

दुकानाचं काय करायचं असं मी म्हटलं, तर नोबू म्हणाली मी बसते. बायका फण्यांचे दात कापत नाहीत, हे या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. पण काकांनी तिला तीन महिन्यांत शिकवलंय. गादीवर पडून हातानेच खुणा करायचे, "करवत झोपव, अजून झोपव, लाकडाला भीती घालू नकोस." पहिल्या फणीचे सगळे दात तुटले, विसावी फणी विकली गेली.

ती बरी आहे ताई. कधीमधी तुमची आठवण काढते. परवा विचारत होती, आजीचे गुडघे कसे आहेत. हळूहळू होईल सगळं.

मासु

•

शिनशू, १८ नोव्हेंबर

मासु,

तोकुझोसाठी मी इथे दिवा लावला. भाचेसुनेने विचारलं कोणासाठी, मी म्हटलं घरच्या माणसासाठी. सात वर्षांनी त्याला घरचं म्हटलं, तेही तो गेल्यावर.

नोबूसाठी कापूस भरलेला अंगरखा पाठवते आहे. गेल्या वर्षीचाच आहे, बाही वीतभर वाढवली, उंची अंदाजाने धरली. त्या दुकानाला खालून गार लागतं, भुशावर बसून काम करतात ना. मी शिवला हे सांगायचं असेल तर सांग, नसेल तर नको.

एक गोष्ट. माझे गुडघे ऑगस्टपासून दुखतायत. ते मी तुलाच एका कार्डावर लिहिलं होतं. नोबू इथे होती तोवर मी डोंगर चढत होते. म्हणजे तिने माझे गुडघे विचारले नाहीत, मासु. ते तू लिहिलंस.

तुझा मला राग नाही. तू पूर्वीही माझ्या जिवासाठीच खोटं लिहिलंस. पण त्या एका खोट्यावर मी सात वर्षं घर बांधून राहिले आणि काय झालं ते तू पाहिलंस. आता पुन्हा मला तसलं छप्पर देऊ नकोस. मी रोज पोस्टमनची वाट बघते. दर वेळी मनात येतं, आज पोरीचं अक्षर असेल. थंडी पडली, बर्फ येईल, मग तो आठवड्याला एकदाच चढतो. मला हे माहीत पाहिजे की वाट बघायची की नाही.

ती माझ्याबद्दल विचारते का? जे असेल ते लिही. नुसतं तेवढंच लिही.

शिगे

•

असाकुसा, २७ नोव्हेंबर

शिगेताई,

अंगरखा पोचला. तुम्ही शिवलाय हे मी सांगितलं. तिने घातला, बाही बरोबर बसली.

नाही ताई. नाही विचारत.

मासु